मिस्त्री, मशीन घेत न्हाई!

उभ्या हयातीत गिऱ्हाइकांकडून मी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. मळणी यंत्रवाला हेच म्हणायचा, कडबाकुट्टीवाला हेच म्हणायचा, गुऱ्हाळावरचा चरकवालाही हेच म्हणायचा. 'घेत न्हाई' म्हणजे तोंडाशी घातलेला माल यंत्र आत ओढत नाही. अडतं, गुदमरतं, नाहीतर घातलेलं परत अंगावर फेकतं. इंजिन चालू असतं, चाकं फिरत असतात, आवाजही झकास येत असतो; काम मात्र होत नाही.

कराडला लागून मलकापुरात माझं छोटं वर्कशॉप होतं. त्याआधी लष्करात गाड्या दुरुस्त करत होतो. तिथली एक सवय मी कधी सोडली नाही. पाना हातात घ्यायच्या आधी मशीन चालताना बघायचं. अंगाला हात न लावता, बाजूला उभं राहून. लोकांना वाटायचं मिस्त्री बिडी ओढत वेळ काढतोय. पण निम्मं निदान त्या एका बिडीत व्हायचं.

एकदा कुंडलचे एक आबा मला न्यायला आले. नवं करकरीत मळणी यंत्र घेतलेलं, आणि पहिल्याच दिवशी ते बंद पाडून बसले होते.

"घेत न्हाई मिस्त्री. उलटं माज्याच तोंडावर फेकतंय. मला बघून थुकतंय जनू."

खळ्यावर गेलो तर निम्मं गाव जमलेलं. कंपनीनं आपल्याला कसं फसवलं, हे आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी बिडी पेटवली आणि इंजिन चालू करायला सांगितलं. इंजिनाकडून यंत्राकडे जाणारा पट्टा कुणीतरी मध्ये पीळ देऊन चढवला होता. त्यामुळे आतला ड्रम उलटा फिरत होता. इंजिन बंद करून मी पट्ट्याचा पीळ काढला, पट्टा परत चढवला. आबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "झालं."

आबांचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, "आवं, जरा येळ लावा की. सगळं गाव बगतंय. येवड्यात झालं तर येडा मी ठरतोय."

मग मी झाकणं उघडली, बेअरिंगांना ग्रीस भरलं, दोन नट सैल करून परत आवळले. आबांनी मोठ्या मनानं मान डोलावली. लोकांचं समाधान झालं, यंत्र धडाधड चालू लागलं. गिऱ्हाइकाची अब्रू राखणं हेही आमच्या धंद्यातलं एक कामच असतं.

पण ज्या मशीननं मला खरा घाम फोडला, ते मळणीचं नव्हतं. ते गवताचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते माझ्या वाट्याला आलं.

त्या वर्षी पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत, सगळीकडे रानं नुसती भाजून निघाली होती. जनावरांच्या छावण्या उघडल्या होत्या. पश्चिमेला पाटणच्या वरच्या डोंगरांवर मात्र पाऊस बऱ्यापैकी झालेला, आणि पठारांवर माणसाच्या कमरेएवढं गवत उभं होतं. म्हणजे गवत एका टोकाला आणि भुकेली तोंडं दुसऱ्या टोकाला. मोकळं गवत ट्रकात भरलं तर ट्रक डोंगराएवढा दिसायचा आणि वजन बेताचंच भरायचं. घाट उतरेपर्यंत त्यातलंही बरंचसं वाऱ्यानं उडून जायचं.

साताऱ्यातल्या एका संस्थेला परदेशातल्या कुणी भल्या लोकांनी एक वापरलेलं मशीन जहाजानं पाठवलं होतं. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं. ट्रॅक्टर गवताच्या ओळीवरून पुढं गेला, की मशीनच्या तोंडाशी फिरणारे पोलादी दाते गवत उचलणार, दोन रोलर ते आत ओढणार, आणि आतले रबरी पट्टे ते दाबून गोल गोल गुंडाळणार. गुंडाळी पुरेशी जाड झाली की ट्रॅक्टर थांबवायचा, मशीन तिच्याभोवती सुतळी फिरवतं आणि मागच्या बाजूनं तिला खाली टाकतं. प्रवासाला निघताना आपण अंथरूण गुंडाळून बांधतो ना, हुबेहूब तशी गवताची वळकटी. त्याचं खरं नाव बेलर. पण गवत कापायला आलेल्या बायांनी त्याला 'वळकटी मशीन' म्हटलं आणि पुढं आम्हीही तेच म्हणू लागलो.

या कामावर संस्थेनं एका निवृत्त सुभेदारांना नेमलं होतं. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, हातात वेताची छडी. त्या छडीची चामडी वादी कायम मनगटात अडकवलेली असायची. ते एका सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"फौज में किधर था?"

"वर्कशॉपमध्ये साहेब. गाड्या."

"चल, सामान उठा. मशीन खडी है, घास पडी है, और उधर जानवर मर रहा है." मग आवाज खाली आणून साध्या मराठीत म्हणाले, "छावणीतला चारा संपत आलाय, मिस्त्री. मशीन चाललं नाही तर साताऱ्याच्या हापिसातनं ट्रक दुसरीकडं वळवणार. मग आमच्या माणमधल्या छावणीला कुणी वाली नाही."

मी पेटी उचलली. असलं मशीन मी जन्मात पाहिलेलं नव्हतं, हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पठारावर पोचलो तर कापलेलं गवत लांबवर पसरलेलं. मशीन उन्हात उभं, आणि तोंडात गवताचा हा एवढा बोळा. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर भिवा त्याच्या सावलीत बसला होता. उंच, सडपातळ, ट्रॅक्टरला बैलासारखं जपणारा माणूस.

"घेत न्हाई मिस्त्री," तो म्हणाला.

"बोळा काढ. चालव. मी बगतो."

मी बिडी पेटवली. भिवानं ट्रॅक्टर सुरू केला आणि अगदी हळू आवाजात, डिझेल वाचवत, पुढं काढला. दाते आळसावल्यासारखे फिरत होते. चाकं मात्र चांगली जोरात चालली होती. म्हणजे गवत भराभर तोंडाशी येत होतं आणि आत ओढणारं सगळं सावकाश फिरत होतं. थोडं अंतर जाताच तोंड तुंबलं. सोपं होतं हे. ट्रॅक्टरच्या मागून जो फिरता दांडा निघतो, त्याच्यावर मशीन चालतं. दांड्याचा वेग इंजिनाच्या वेगावर आणि चाकांचा वेग गिअरवर.

"भिवा, खालचा गिअर टाक आन् रेस वाढीव."

"येवडी रेस? पळंल की गाडी!"

"खालच्या गिअरात काय पळतीय? चाक गोगलगाईवानी आन् इंजिन बोंबलत पायजे."

त्याला ते पटायला वेळ लागला. इंजिन विनाकारण बोंबलावं, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. पण केलं त्यानं. आणि मशीननं गवत घ्यायला सुरुवात केली. सुभेदारांनी छडी वर केली. मी म्हटलं, थांबा, अजून थांबा.

कारण थोड्याच वेळात एका रोलरमधून जळका वास आला. इंजिन बंद करून खाली वाकलो. आमच्या डोंगरावर एक गवत असतं, कुसळी. त्याच्या टोकाला लांब केसासारखी कुसं असतात. ती कपड्यात शिरली तर दिवसभर टोचतात. ही कुसं रोलरच्या टोकाशी गुंडाळत जाऊन दोरखंडासारखी घट्ट झाली होती आणि बेअरिंग तापवत होती. विळ्यानं कापून कापून ती काढली. तेव्हापासून नेम ठरला, प्रत्येक फेरीनंतर मशीन बंद करून रोलरचे कान, म्हणजे दोन्ही टोकं, साफ करायचे. पठारावर जांभ्या दगडाचे उंचवटे होते, त्यांना धडकून बरेच दाते वाकलेले, काही मोडलेले. तोंड थोडं वर उचलून घेतलं, वाकलेले दाते सरळ केले, मोडलेल्यांच्या जागा मोजून ठेवल्या. नवे दाते मलकापूरच्या लोहाराकडून करून घ्यावे लागणार होते.

एवढं करूनही मशीन मध्येच धाडकन आवाज करायचं आणि थांबायचं. फार ताण आला की आधी तुटावी म्हणून एक साधी पिन बसवलेली असते, ती तुटायची. पिन बदलली, परत तुटली. मी ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन ओळ बघत चाललो. तेव्हा कळलं. बाया गवत कापत होत्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं त्याच्या पेंढ्या बांधून ओळीत ठेवत होत्या. मशीनला लागतं मोकळं, केसासारखं विंचरलेलं गवत. बांधलेली पेंढी तोंडात गेली की घशात लाडू अडकावा तसं व्हायचं.

बायांची मुकादम होती तानूबाई. पठाराखालच्याच वाडीची, चाळिशी ओलांडलेली, पदर कमरेला खोचलेली. बोलायला लागली की सुभेदारसुद्धा आधी ऐकून घ्यायचे.

"तानूबाई, पेंढ्या नका बांदू. गवत मोकळं पसरा."

"आन् काम मोजायचं कशावर? आमचं काम पेंढीवर मोजत्यात. मोकळ्या गवतात कुनी किती कापलं कसं कळायचं?"

"वळकट्यांवर मोजू."

"तुमची वळकटी झाली तर ना! सकाळधरनं आवाज लय हाय, वळकटी एक न्हाई."

तिचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "मला आजचा दिवस द्या. ही एक ओळ मी सांगतो तशी घाला. वळकटी न्हाई पडली तर उद्यापासनं बांदा पेंढ्या, मी मलकापूरला जातो."

तिनं डोळे बारीक करून मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कशी पायजे ओळ?"

मशीनच्या तोंडाएवढी रुंद ओळ, सगळीकडे सारख्या जाडीची. मध्ये जाड आणि कडेला पातळ असली की वळकटी ढोलासारखी फुगते. एका बाजूला जाड असली की गाजरासारखी निमुळती होते आणि सुतळीतून निसटते. आणि ओळीची सुरुवात जरा भरगच्च, कारण वाळकं गवत गुळगुळीत असतं. मधला गाभा घट्ट धरल्याशिवाय ते आत नुसतं घसरत राहतं, गुंडाळी सुरूच होत नाही. तानूबाईनं हे एकदा ऐकलं आणि बायांना हाका मारल्या. ओळ तयार झाली. भिवानं बोंबलतं इंजिन आणि गोगलगाईची चाल धरली. गवत आत जात राहिलं. मी मागं, सुतळीच्या पेटीशी. मशीनचं पोट भरलं, मी हात वर केला, भिवा थांबला, सुतळी सरसर फिरली आणि मागून धप्पदिशी वळकटी बाहेर पडली.

तानूबाई पुढं आली, वळकटीला पायानं ढोसून बघितलं, मग तिच्यावर जाऊन बसली.

"ठीक हाय," ती म्हणाली. "मोजा वळकट्यांवर."

त्यानंतरचे दिवस सुरळीत गेले. रोज ट्रक येत होते, वळकट्या भरून पूर्वेकडे जात होत्या. आणि अशाच एका चांगल्या दिवशी घात झाला.

सावलीतलं गवत जरा दमट होतं. मशीनच्या तोंडात बोळा अडकला. भिवानं ट्रॅक्टर थांबवला, पण इंजिन चालूच होतं आणि दांडाही फिरत होता. मी मागं सुतळी ओवत होतो. बोळा छोटासाच होता. उगाच कशाला बंद करायचं, असं वाटून सुभेदार पुढं गेले आणि छडीनं बोळा ढकलू लागले. आता या मशीनची एक गंमत असते, म्हणजे गंमत कसली, जीवघेणी खोड असते. अडलेलं गवत सुटतं तेव्हा हळूहळू सुटत नाही. एका झटक्यात सगळं आत जातं. गवत गेलं, छडी गेली, आणि छडीच्या वादीत अडकलेलं सुभेदारांचं मनगटही तिच्यामागं ओढलं गेलं.

मला दिसलं ते एवढंच, की ताठ कण्याचा तो माणूस एकदम मशीनपुढं गुडघ्यांवर आला. भिवा स्टिअरिंगला धरून थिजला होता. मी चाकावर पाय देऊन वर चढलो आणि इंजिन बंद करायची दांडी ओढली. सगळं थांबेपर्यंत गेला तो वेळ मला अजून आठवतो. पुढं होऊन बघतो तर ताण येऊन चामड्याची वादी तुटली होती, म्हणून हात बाहेर राहिला होता. मनगट मोडलं होतं, बोटांची सालटी निघाली होती, पण बोटं जागेवर होती.

तानूबाईनं आपल्या पदराची पट्टी फाडून हात बांधला. ट्रकातून त्यांना कराडच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ते एकदाच बोलले. "छडी चांगली होती रे."

प्लॅस्टर घालून ते परत आले, तेव्हा सगळ्यांना त्यांनी ओळीत उभं केलं. भिवा, मी, तानूबाई, सगळ्या बाया.

"मशीन चालू असताना तोंडाशी गेलो. गलती माझी," ते म्हणाले. "आजपासून तोंडाशी जायचं तर आधी इंजिन बंद. मिस्त्री बंद म्हणाला की बंद. मी चालू ठेवा म्हटलं तरी बंद. समजलं?"

तानूबाई मागून म्हणाली, "आन् तुमीच पुन्यांदा गेलासा तर?"

"तर मला दिवसभर सगळ्यांना पाणी वाढायला लावा."

बाया हसल्या. पण तो नियम त्या पठारावर कुणी मोडला नाही. पुढं आयुष्यभर जिथं जिथं गेलो तिथं मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हाच नियम सांगितला, दुरुस्तीचं नंतर.

दात्यांचं काम राहिलं होतं, म्हणून मी मलकापूरला गेलो. लोहारानं केलेले पहिले दाते जास्त कडक झाले, काचेसारखे तुटले. परत भट्टीत घालावे लागले. त्यात माझे दिवस मोडले. तिकडे पठारावर ट्रक तर उभे. सुभेदारांना गेलेले दिवस भरून काढायचे होते. त्यांनी सूर्य उगवायच्या सुमारालाच मशीन सुरू करायला लावलं. तेव्हा हिवाळा होता आणि पठारावर रोज दव पडायचं. मी असतो तर थांबवलं असतं. मूठभर गवत घेऊन पिळायचं. कडकड वाजलं तर चालू करायचं, मऊ राहिलं तर उन्हाची वाट बघायची. ओल्या गवतानं मशीन अडतं, हा त्रास लहान. मोठा त्रास नंतर कळतो.

तो कळला छावणीतून निरोप आला तेव्हा. माणमधल्या छावणीत जनावरं वळकट्यांना तोंड लावत नव्हती.

मी आणि सुभेदार पुढच्याच ट्रकानं निघालो. छावणीत शिरताच लोक गोळा झाले. पुढं एक म्हातारा होता, आप्पा. त्याचा खिल्लारी बैल नुसत्या हाडांचा सांगाडा राहिला होता, पण शिंगांना लावलेला हिंगूळ मात्र ताजा.

"काय पाठिवलंय ह्ये?" आप्पा ओरडला. "भुकंनं मरायला लागलंय जनावर, पर ह्याला तोंड लावत न्हाई. त्याला कळतंय, आमाला कळत न्हाई व्हय?"

मी एका वळकटीची सुतळी कापली आणि आत हात घातला. आत गरम होतं. ओलं गवत दाबून बांधलं की आतल्या आत तापतं, आंबतं, आणि मग बुरशी धरते. गाभ्यात पांढरी भुकटी, आंबूस वास. बाहेरचे थर मात्र कोरडे, पिवळेधमक. मी सुभेदारांना दाखवलं. त्यांनी हात लावून बघितलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

ते तडक वळकट्यांच्या ढिगाकडे गेले. एका माणसाच्या हातातला विळा घेतला, डाव्या हातात, कारण उजवा प्लॅस्टरमध्ये, आणि एकेक सुतळी कापायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसलो. वळकटी सतरंजीसारखी उलगडायची, कोरडे थर उन्हात पसरायचे, बुरशी धरलेला गाभा खड्ड्यात टाकायचा. थोडा वेळ लोक नुसते बघत राहिले. मग आप्पा आला आणि समोर बसला.

"डाव्या हातानं न्हाई जमत तुमाला," तो सुभेदारांना म्हणाला. "आना हिकडं विळा."

मग सगळी छावणी कामाला लागली. जी वळकटी पूर्ण कोरडी निघाली ती न उलगडता बाजूला ठेवली. उन्हं कलायच्या सुमाराला आप्पानं पसरलेल्या गवतातली एक कवळ उचलली आणि बैलापुढं धरली. बैलानं हुंगलं. आम्ही सगळे त्याच्या नाकपुड्यांकडे बघत होतो. मग त्यानं जीभ बाहेर काढून कवळ ओढून घेतली आणि चावायला लागला. आप्पानं त्याच्या वशिंडावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

परतताना सुभेदार मला म्हणाले, "गवत कधी सुकलं हे तू सांगायचं. ट्रक थांबला तर थांबला."

त्यानंतर छावणीतून तसा निरोप परत आला नाही. नवे दाते टिकले. भिवा इंजिनाच्या आवाजावरून गवत किती जाड आहे ते सांगायला लागला. तानूबाईच्या बायांनी घातलेल्या ओळी इतक्या सारख्या असायच्या, की वळकट्या एका साच्यातून काढल्यासारख्या पडायच्या. सुभेदारांचं प्लॅस्टर निघालं. मनगट थोडं वाकडंच राहिलं, पण सलाम पूर्वीसारखाच कडक.

पुढं त्या मशीनचं काय झालं, तेही सांगून टाकतो. पाऊसपाणी सुधारलं, छावण्या उठल्या, वळकट्यांची गरज कुणाला राहिली नाही. रबरी पट्टे झिजले आणि तसले पट्टे इकडे मिळत नव्हते. एका साखर कारखान्यातला जुना पट्टा कापून, शिवून मी तो बसवला, त्यावर आणखी एक हंगाम निघाला. त्यानंतर मशीन साताऱ्याला एका शेडमागं उभं होतं. मी एकदा बघायला गेलो तर जागा मोकळी. भंगारात गेलं म्हणाले. मला आधी कुणी विचारलं असतं तर एक रोलर तरी ठेवून घेतला असता. ही रुखरुख आहे. आता ट्रॅक्टरमागं उसाच्या पाचटाच्या वळकट्या करणारी मोठमोठी मशीनं आली आहेत. परवाच एका पोराला शेतात डोकं खाजवत उभं असलेलं पाहिलं. गाडी थांबवून उतरलो, बाजूला उभा राहून बघितलं आणि सांगितलं, रेस वाढव, गिअर उतरव. घेतलं मशीननं.

पण सांगायचं राहिलं ते पठारावरच्या शेवटच्या दिवसाचं. गवत संपलं होतं. शेवटचा ट्रक भरून गेला आणि एक वळकटी उरली. ट्रकात जागाच नव्हती. तानूबाई सुभेदारांपुढं येऊन उभी राहिली.

"ही आमाला द्या. वाडीत म्हशी हायत्या. इतकं कापलं, आमच्या दावनीला एक काडी न्हाई आली."

"घे," सुभेदार म्हणाले. "पण नेणार कशी? जड आहे. वाट उतरणीची."

तानूबाई पठाराच्या कडेशी गेली. खाली सरळ गवताळ उतार होता, आणि पार तळाला तिची वाडी. तिनं आमच्याकडे वळून बघितलं. सगळ्या बायांच्या ते एकदमच ध्यानात आलं आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. भिवा म्हणाला, "साहेब, उतारावर कुनी असलं तर?"

सुभेदारांनी कडेला जाऊन खाली नीट पाहिलं. खिशातली शिट्टी काढून जोरात वाजवली. खालून एका बाईनं पदर हलवला, मग दुसरीनं. तानूबाईनं तोंडाशी हात धरून हाळी दिली, "बाजूला व्हाऽऽ! गवत येतंयऽऽ!" उतारावरची दोन गुरं कुणीतरी हाकून बाजूला नेली. सुभेदार बघत राहिले. उतार पुरता मोकळा झाल्यावर त्यांनी पाय जुळवले, वाकडं मनगट वर उचललं.

"छोड दो!"

बायांनी मिळून ढकललं. वळकटी आधी नाखुशीनं फिरली, मग तिनं वेग घेतला, एका उंचवट्यावर उडाली, परत पडली, आणि सुसाट सुटली. बाया कडेवर उभ्या राहून ओरडत होत्या, एकमेकींचे दंड धरून उड्या मारत होत्या. तळाच्या बांधावर आपटून वळकटी फुटली, सुतळी तुटली, आणि गवत उलगडत उलगडत थेट वाडीच्या तोंडापर्यंत पसरत गेलं. म्हशी सावकाश चालत आल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

तानूबाई विळा कमरेला खोचून त्याच उतारानं झपाझप खाली निघाली.